बसून शिकवलेलं चालणं

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. मला चाकं आहेत, पण रुग्णाला बसवून ढकलत नेतात ती मी नव्हे. ती बिचारी निदान उपयोगाची असते. मी दवाखान्यात सिस्टरच्या खोलीत संगणकासमोर असते. मित्रांनो, माझी कहाणी ऐकताना माझ्याकडे फार टक लावून पाहू नका. लाज वाटते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मात्र कोण तोरा होता! गुबगुबीत गादी, पाठीला बाक, गुळगुळीत चाकं. ‘हिच्यावर बसलेला माणूस उठायचं नाव काढणार नाही,’ असं दुकानदार म्हणाला. ते मी कौतुक समजले.

खोली चिंचोळी. टेबलापासून कपाटापर्यंत, कपाटापासून रुग्णाच्या स्टुलापर्यंत सिस्टर पायाने एक रेटा द्यायच्या, की मी सुळकन हजर. ‘ही माझी गाडी,’ असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. मी फुगायचे.

मग ऑनलाइन प्रशिक्षण आलं. विषय, रुग्णांना चालण्याफिरण्याचं महत्त्व कसं पटवावं. सिस्टर आठवडाभर माझ्यावर बसून हालचाल शिकल्या. मध्ये डबा खाल्ला, फोन घेतले; पडद्यावरच्या बाई आपल्या बोलतच होत्या. प्रत्येक धड्याअखेर पडद्यावर एक खोटा रुग्ण यायचा आणि त्याला काय सांगाल याची तीन उत्तरं. त्यातलं सगळ्यात लांबलचक उत्तर बरोबर असतं, हे सिस्टरना लवकरच उमगलं. मग प्रश्न वाचायचीही गरज उरली नाही. पैकीच्या पैकी गुण! प्रमाणपत्र भिंतीवर चढलं.

पहिल्या खऱ्या रुग्ण म्हणजे शिवणकाम करणाऱ्या एक काकू. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेला होता. हळूहळू चालायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी तपासून सांगितलं आणि समजावायला सिस्टरकडे पाठवलं.

‘काकू, रोज चालायचं बरं का.’

‘हो.’

‘आळस नाही करायचा.’

‘हो.’

झालं समुपदेशन.

महिन्याने काकू आल्या, त्या काकांचा दंड धरून, भिंत चाचपत. ‘ही बिछाना सोडत नाही हो,’ काका म्हणाले. ‘शिलाई मशीनवर चादर घातलीय. गिऱ्हाइकं परत जातात.’

सिस्टर भडकल्या. ‘काकू, चाला म्हणून सांगितलं होतं ना? थांबा, माहितीपत्रक देते.’ रेटा दिला. मी सुळकन कपाटाशी, सुळकन परत.

काकू बघत राहिल्या. ‘सिस्टर, त्या कपाटापर्यंत तुम्हीसुद्धा चालत नाही. तुमचं हृदय तर धडधाकट आहे.’

‘अगं, काय बोलतेस!’ काका पुटपुटले.

‘बोलू द्या. का चालत नाही, हे कुणी विचारलं का मला? भीती वाटते हो. चार पावलं टाकली आणि परत कळ आली तर? रस्त्यात पडले तर यांनी मला उचलायचं, की लोकांनी यांना?’

सिस्टरचा चेहरा पडला. आधी विचारा, मग सांगा, हा प्रशिक्षणातला पहिलाच धडा. मी तो ऐकला होता. सिस्टर तेव्हा डबा खात होत्या. ज्या चाकांचा मी तोरा मिरवला, ती आता फरशीत रुतावीत असं मला झालं.

सिस्टर माझ्यावरून उठल्या. ‘चुकलंच माझं, काकू. चला, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊ. मी हात धरते. जरा काही वाटलं तर तिथेच थांबू. डॉक्टर शेजारीच आहेत.’

‘तुम्ही येणार?’

‘मग काय खुर्ची येणार?’

दोघी गेल्या. रिकामी मी पावलं ऐकत राहिले. मध्येच ती थांबली. काका धसकून दाराशी गेले. तेवढ्यात काकूंचं हसू ऐकू आलं: ‘अहो सिस्टर, तुम्हालाच धाप लागली की!’

परत आल्या तेव्हा काकूंच्या कपाळावर घाम होता, छातीत कळ नव्हती. सिस्टरनी मला पुढे ओढलं. ‘बसा काकू.’ इतक्या वर्षांत चालून दमलेलं माणूस माझ्यावर पहिल्यांदाच टेकलं. खुर्ची कशासाठी असते, ते मला तेव्हा कळलं.

आता माझं एक चाक अडतं. तेल घालायला कुणी आलं, की सिस्टर म्हणतात, ‘राहू दे, अडू दे.’ आणि कपाटाकडे चालत जातात.

मित्रांनो, आम्हाला जपा, आमची गादी उसवू नका. पण कुणाला चालायला सांगायचं असेल, तर आधी त्याला विचारा. आणि त्याच्याही आधी, आमच्यावरून उठा.