शेवंतीची झोप

दसरा तोंडावर आला तरी माह्या शेवंतीले कळी नव्हती. निरा पानंच पानं. झाडं कशी हिरवीगार, तरणीताठी, पण फुलाचं नाव नाही. दरसाली नवरात्रात वावर कळ्याईनं भरून जाये, अन् औंदा पाहा तं बकऱ्या चाराव्या असं रान.

माहं वावर अकोला रोडले, बडनेऱ्याच्या पुढं. पयले तथी शहराचं वारंही येत नव्हतं. आता इकून अमरावती चालून राहिली, तिकून अकोला. वावरं घेऊन प्लॉट पाडणारा लेआउटवाला म्हणे, "काकू, एक दिवस या दोघांची गळाभेट होईल." मी म्हणलं, "होऊ दे बाप्पा, पण माह्या वावरात नोको." शेजारचे सारे वावरं गेले. तथी मुरमाचे रस्ते पडले, प्लॉटाचे पांढरे दगड उभे राहिले, अन् माह्या बांधाले, धुऱ्याले लागून लेआउटवाल्यानं मोठ्ठा बोर्ड ठोकला. त्याच्यावर बाग, झोका अन् गोरे गोरे नवरा-बायको. घर मात्र एकच झालं होतं. त्या घरात अकोल्याची एक नवी नवरी राहे, आकांक्षा.

माहा पोरगा नितेश वाईट नाही. पण त्यानं एक दिवस जेवता जेवता सांगून टाकलं, "माय, मार्गशीर्षाच्या पयल्या गुरुवारी फुलाचं टोपलं भरलं तं ठीक. नाई तं वावर देऊन टाकू. पानं विकून घर चालत नाही."

मी ताट सरकवलं. हे शेवंतीचं वाण नितेशच्या बाबांनं दर्यापूरहून आणलं होतं, यष्टीत मांडीवर घेऊन. तो माणूस गेला. पण दरसाली जुन्या झाडाचे फुटवे काढून मी तेच वाण लावते. वावर गेलं म्हणजे तेही गेलं.

मंग मी गुन्हेगार शोधला. ती आकांक्षा रोज सांजच्याले खिडकीत उभी राहून माह्या वावराकडे टक लावून पाहे. हिचीच नजर लागली! मी काळ्या मडक्याले चुन्याचे डोळे काढले अन् बांबूवर टांगलं, बरोब्बर तिच्या खिडकीसमोर. पाह्य म्हणलं आता, किती पाहतं ते.

दसऱ्याच्या सांजी मी धुऱ्यावर गवत कापून राहिली होती. बोर्डाच्या मांगं पाहिलं तं काय, कळ्या! हरभऱ्याएवढ्या, गच्च. वावरात कोणी सतरंजी अंथरावी असा चौकोन, अन् तेवढ्यातच कळ्या. त्याच्या बाहेर एक नाही. मले काही समजेना. तेवढ्यात लेआउटातल्या खांबावरचा मोठा लाइट फटकन लागला. पोळ्याच्या मांगंपुढं बसवला होता तो. सारं वावर उजेडात न्हालं. फक्त बोर्डाची सावली पडली, अन् ती बरोब्बर त्या कळ्यांवर पडली.

मी धुऱ्यावर बसकणच मारली. अगं बाई! माह्या शेवंतीले रात्रच होऊन राहिली नाही!

त्या रात्री मले सपन पडलं. सारे झाडं डोळे उघडे ठेवून बसले होते. मी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणून राहिली, झोपा रे, झोपा. ते म्हणत, माय, दिवस कुठी मावळला?

सकाळी तरातरा आकांक्षाच्या घरी गेली. त्या लाइटाचं बटण तिच्याच घरात होतं, हे मले ठाऊक होतं.

"तो लाइट आजपासून बंद!" मी दारातूनच म्हणलं. "माह्या झाडाईले झोप नाही. झोप नाही म्हणून फूल नाही."

तिनं मले आत बोलावलं, पाणी देल्लं. पण मान काही हलवली नाही. "नाही जमणार काकू. ह्यांची नोकरी आधी इथंच होती, म्हणून घर घेतलं. आता अकोल्याला बदली झाली. यायला रोज रात्र होते. चहूकडे मोकळे प्लॉट. अंधारात मी एकटी बसूच शकत नाही."

"मंग खिडकीत उभी राहून माह्या वावराकडे काहून पाहतं?"

"तिथं तुम्ही दिसता ना. दिवसभरात तेवढंच एक माणूस दिसतं."

खिडकीतून माहं मडकं तिच्या घरात डोळे वटारून पाहून राहिलं होतं. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बरं," मी म्हणलं, "तू लाइट नोको लावू. तुहा नवरा येईपर्यंत मी तुह्यापाशी बसत जाईन. तो आल्यावर तं भीती नाही ना?"

आता मातर तिनं मान हलवली. घरी जाता जाता मी पयले ते मडकं उतरवलं.

तेव्हापासून रोज दिवे लागायच्या वक्ताले मी तिच्या ओट्यावर. सुरुवातीले ती माहा पदर धरून बसे. अंधार हळूच ये, प्लॉटाचे दगड पुसत पुसत, मंग रस्ता, मंग बोर्डावरचे ते गोरे नवरा-बायको. शेवटी वावर. मले वाटे, आता झाडाईनं डोळे मिटले. मी बोलतही होती हळू आवाजात. मावळतीकडे आभाळात उजेडाचा पट्टा दिसे. ती म्हणे, "ते अकोला. आई आता भाकरी टाकत असेल." तो उजेड कोण्या ढाब्याचाही असंल. पण मी म्हणलं, "अकोलाच तं आहे. आजकाल जवळ आलं थोडं."

"किती जवळ?"

"थांब जराशी. एक दिवस तुहा नवरा पायी पायी घरी येईल."

ती खुदकन हसे. अंधारात हसणं कसं साजरं लागते.

नितेश चिडवे, "लोकं जागली करून वावर राखतात, माही माय अंधार राखाले जाते!" चिडव लेका. दिवाळीत तिनं बाहेर आकाशकंदील लावला नाही. घरात टांगला, अन् खिडकीचा पडदा ओढून घेतला. ते पाहून माह्या डोळ्याले पाणी आलं.

मार्गशीर्षाच्या पयल्या गुरुवारी नितेशनंच मले हाक मारून उठवलं. वावर पिवळं झालं होतं. या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत, दवानं ओलं, पिवळंच पिवळं. तो तोडाले लागला. टोपलं भरलं, दुसरं भरलं. बाजारात निघता निघता म्हणे, "माय, फुलं सरले का झाडं उपटू नोको. पुढच्या सालाले फुटवे लागतीन." मी पदर तोंडाले लावला. आनंदानं रडणं काय असते, ते मले त्या दिवशी समजलं.

दुपारी मी साजरी वेणी गुंफून आकांक्षाले नेऊन देल्ली. "घे. आता खुशाल लाव तुहा लाइट. फुलं आली, आता उजेडानं काही बिघडत नाही."

"बरं," ती म्हणे. तेवढंच. वेणी हातातच राहिली तिच्या.

सांजी मी घरी चुलीपाशी. सवयीनं दारातून लेआउटाकडं पाहिलं तं अंधार! पोरीले काही झालं तं नसंल? तवा उतरवला अन् तशीच धावत सुटली.

ती ओट्यावर बसली होती. एकटी, अंधारात, पाय पोटाशी घेऊन. केसात वेणी. समोर चहाचे दोन कप, एकावर बशी झाकलेली.

"काय वं, लाइट गेली काय?"

"नाही."

"मंग लावला काहून नाही?"

"लावला असता, तर तुम्ही आल्या असत्या का?"

तिचा हात हाती घेतला तं थंडगार. मी तिच्यापाशी बसली. चहा पार निवून गेला होता, पण मी तो सारा पिला.