तळ्याच्या तळाशी उभी राहिलेली नळी

मी एक जुनी नळी आहे मित्रांनो, आणि तीही अर्धीच. आसेगावच्या कस्तुराबाईंच्या मळ्यात वांग्याच्या वाफ्याला पाणी नेते. पण मला कमी समजू नका. मी हिमालयातल्या एका तळ्याचा तळ पाहून आले आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी चांगली पुरुषभर उंच होते, काचेसारखी आरपार. कस्तुराबाईंची लेक प्रियदर्शनी तळ्यांचा गाळ अभ्यासते. ती मला खेचरावर बांधून हिमनदीच्या पाण्यावर भरणाऱ्या तळ्याकडे घेऊन गेली. खालच्या गावाला नवी शाळा बांधायची होती. नदीकाठी सपाट जागा होती, पण पूर कुठवर येतो हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हते. ते तळ्याला विचारायचे होते.

बर्फाला भोक पाडून तिने मला गाळात ठोकले. काय सांगू त्या गाळाचा थाट! उन्हाळ्यात हिमनदी दगड दळते आणि ते पीठ पाण्याबरोबर तळ्यात येते. जाडसर लवकर बसते. अगदी बारीक मात्र हिवाळ्यात बर्फाखाली पाणी निवांत झाले की मगच खाली येते. एक फिकट थर, एक काळसर थर, झाले वर्ष. पूर आला की त्याची तऱ्हाच निराळी. मोठे धोंडे तो तळ्याच्या तोंडाशीच टाकतो. गढूळ पाणी जड, म्हणून ते निर्मळ पाण्याखालून तळ धरून धावत सुटते आणि वाटेत गाळ सोडत जाते. आधी वाळू, मग बारीक माती. असा जाडजूड थर दिसला की समजावे, तेव्हा पूर आला होता.

पोटात हे सारे घेऊन मी प्रयोगशाळेकडे निघाले. वाटेत प्रियदर्शनी माहेरी थांबली, मला अंगणात भिंतीला टेकवून उभे केले आणि बाजारात गेली.

आता आमच्या भागात तळ्याचा गाळ म्हणजे सोने. उन्हाळ्यात तळे आटले की लोक ट्रॅक्टर भरभरून तो शेतात टाकतात. कस्तुराबाईंनी माझी दोन्ही झाकणे काढली, खालून काठीने दाबले आणि सोऱ्यातून कुरडई काढावी तसा वरचा वीतभर गाळ काढून रोपांच्या वाफ्यात कालवला.

प्रियदर्शनी परतली आणि माझी झाकणे उघडी पाहून वाफ्याकडे धावली.

"काहून व? पोरीनं गाळ आनला म्हून टाकला वाफ्यात," कस्तुराबाई गोंधळल्या.

"माय, त्यात पुराची याद होती."

"उचलून आनू का मंग?"

"मिसळला आता तो."

कस्तुराबाईंचा चेहरा उतरला. दुपारभर त्या माझ्याशेजारी बसून राहिल्या आणि शेळीलाही फिरकू दिले नाही. मला त्यांचा राग आला नाही, उलट मायाच वाटली.

प्रियदर्शनी मात्र विचार करत होती. शेवटी म्हणाली, "माय, वरचा थर अलीकडचा. तवाचा पूर पाह्यलेले लोक हायत. त्याइले इचारता येते."

तिने त्या गावच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला फोन लावला. त्याने सांगितले, पाणी शाळेच्या जागेच्या जरा अलीकडे, अक्रोडाच्या झाडापर्यंत आले होते, त्यापुढे कधीच नाही. बाकीचे मी सांगितले. प्रयोगशाळेत मला उभे चिरले, तेव्हा खोल तळाशी एक थर निघाला, मेंढपाळाच्या पुरापेक्षा कितीतरी जाड. तो पूर पाहिलेले कुणीच उरले नव्हते.

शाळा वर, टेकडीवर बांधली. काम झाल्यावर माझी एक रिकामी अर्धी बाजू कस्तुराबाईंच्या मळ्यात आली.

मित्रांनो, माणसे आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आणि जिथे सांगायला माणूस उरला नाही, तिथल्या चिखलाला हात लावण्याआधी जरा थांबा. त्या टेकडीवर आज मुले पाढे म्हणत आहेत.