ईदच्या मनुका

रक्ताचे अहवाल आले आणि हाजी शाजलीने बायकोच्या, मन्नूबियाच्या, हातून शेगडी काढून घेतली. म्हातारपणी स्मृती जाण्याची आधीच चाहूल देणारं एक प्रथिन असतं म्हणे. ते तिच्या रक्तात वाढलेलं निघालं, शाजलीच्या रक्तात अगदी कमी. ट्यूनिसला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने हट्टाने दोघांचीही तपासणी करवली होती, आणि त्यात हा पहिला आला नि ही नापास!

मग काय विचारता! हाजी आपलं भलंमोठं पोट पुढे काढून सगळ्या स्फाक्स शहरात सांगत सुटला, की हिला आता सांभाळावं लागतं. बाहेर जाताना गॅस बंद करायचा, रस्त्यावर तिचं मनगट मुठीत धरायचं. ईदच्या शरमूलासाठी तो मनुका आणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणायचा, वर म्हणायचा, तूच सांगितलंस, तूच विसरलीस. अहवालापुढे तिचं कोण ऐकतो? ईदच्या सकाळी खाऱ्या माशाबरोबर खायचा तो शरमूला. कांदा नि मनुका मंद आचेवर आटवाव्यात तर मन्नूबियानेच, असं तिची खाष्ट सासूसुद्धा कबूल करून गेली होती. यंदा हाजी तिच्या शेजारी उभा राहून करवून घेणार होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती तडक आपल्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे, हेलाकडे गेली. हेलाने तिला गोष्ट ऐकवून परत सांगायला लावली, घड्याळाचं चित्र काढायला लावलं, आडवेतिडवे प्रश्न विचारले. मन्नूबियाने सगळं बिनचूक केलं, आणि मागच्या खेपेला हेलाने कुठला चष्मा घातला होता तेही वर ऐकवलं.

"खाला, डोकं ठणठणीत आहे तुमचं," हेला हसत म्हणाली. "थकल्यात त्या किडन्या. त्या नीट गाळत नाहीत, म्हणून ते प्रथिन रक्तात साचतं नि आकडा फुगतो. माणसाची तब्येत बघितल्याशिवाय हा आकडा वाचूच नये. अंगाने जाड माणसाचं उलट होतं. रक्त जास्त, त्यात ते पातळ होतं. मग आजार असला तरी आकडा लहानच दिसू शकतो."

मन्नूबियाने पुढचं अर्धवटच ऐकलं. आता हाजीची कशी जिरवायची, याची वाक्यं जुळवत ती घरी आली.

शाजली पिशवी घेऊन दारातच उभा होता. "मनुका आणल्या," तो म्हणाला. "तू विसरलीसच सांगायला. माझ्या लक्षात होतं म्हणून बरं."

ओट्यावर मनुकांची सकाळची पिशवी न उघडता पडली होती, तिच्यामागे कालची. मन्नूबियाने त्या पिशव्यांकडे पाहिलं, मग दार भरून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे. हेलाचं जाड माणसाबद्दलचं बोलणं आता तिला नीट ऐकू आलं. जुळवलेली सगळी वाक्यं तिने गिळली.

"काय म्हणाली डॉक्टरीण?" त्याने विचारलं.

"तिने पुन्हा बोलावलंय," ती म्हणाली. "आणि मला एकटीला नाही जमायचं, हाजी. उद्या तुम्ही माझ्याबरोबर चला."

"बघ, मी म्हणत नव्हतो?" तो खूश झाला आणि सवयीने त्याने तिचं मनगट धरलं.

एरवी ती हिसडा मारायची. आज तिने आपला दुसरा हात त्याच्या मुठीवर ठेवला आणि त्याला घरात घेतलं.