पासवर्ड ओळखणारे सायबरगुरू

रुग्णालयाच्या सभागृहात मुंगीलाही वाट नव्हती. व्यासपीठावर सायबरगुरू एका हातात टॅब धरून डोळे मिटत होते, उघडत होते, पुन्हा मिटत होते. समोर रुग्णालयाचे मालक असलेले मोठे डॉक्टर आपणच रोगी असल्यासारखे बसले होते.

"स्पंदनं येतायत... नातीचं नाव... पुढे तिचं जन्मसाल!"

मोठे डॉक्टर ताडकन उठले. "माझा पासवर्ड! जसाच्या तसा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पाठोपाठ मेट्रनबाईंचा पासवर्ड निघाला, मग औषधभांडारवाल्यांचा.

"माझं कवचयंत्र बसवा," गुरू म्हणाले. "धोका आसपास फिरकणार नाही. मग संगणक-सुरक्षेची तीन माणसं कशाला पोसता?"

"खरंय. ताई, तुमचा विभाग आजपासून बंद," मोठे डॉक्टर म्हणाले. "पोरींचं पुढचं प्रशिक्षणही रद्द."

ताई सुरक्षा विभागाच्या प्रमुख. त्यांच्या दोन पोरींपैकी एक पूर्वी केसपेपर काढायची, दुसरी रक्ताचे नमुने तपासायची. संगणकातली घुसखोरी पकडायला ताईंनी त्यांना दोन वर्षं खपून शिकवलं होतं. ते सगळं एका टाळीत पाण्यात!

ताई उठल्या. "आधी माझा ओळखा."

गुरूंनी टॅबकडे पाहिलं, डोळे मिटले. "चोराच्या... उलट्या..." ते अडखळले.

"बोंबा! अगदी बरोबर," ताई म्हणाल्या. "फक्त तो माझा पासवर्ड नाही. आयुष्यात एकदाच लिहिलाय, ह्यांच्या संकेतस्थळावर, आजच्या कार्यक्रमाची नावनोंदणी करताना. नुसतं भाषण ऐकायला पासवर्ड कशाला, असं मी तुम्हाला लेखी विचारलं होतं, डॉक्टर. उत्तर आलं नाही. तिथे तुम्ही सगळ्यांनी रुग्णालयाचाच पासवर्ड टाकलात. तीच यादी हे वाचतायत."

"अगं बाई! लक्षात राहावा म्हणून मी सगळीकडे तोच टाकते," मेट्रनबाई पुटपुटल्या.

"नकारात्मक ऊर्जा!" गुरू ओरडले. टॅब मात्र त्यांनी पाठीमागे लपवला.

मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरला. "ताई, तुमच्या विभागाचं आपण नंतर..."

"विभाग चालू आहे. ह्या खोलीतल्या प्रत्येकाचा पासवर्ड परक्याच्या हातात आहे, आणि रोग्यांची माहिती त्याच कुलपात. पोरींनो, दारं सांभाळा. पासवर्ड बदलल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही. डॉक्टर, पहिला नंबर तुमचा. पोरींचं प्रशिक्षण सोमवारी सुरू होईल."

मोठे डॉक्टर निमूटपणे रांगेत उभे राहिले.

यंत्रं जरूर घ्यावीत, पण ती राखायला शिकलेली माणसंच लागतात. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर टाळीसाठी हात उचलण्याआधी एवढंच विचारावं: ह्याला हे कळलं कुठून?