अर्ध्या फेऱ्याचे झाकण

मित्रांनो, मी एक जुना व्हेप आहे. पण मी वापरून जुना झालो नाही, हाताळून झालो. माझे काम ऐकून तुमच्यातले कोणी नाक मुरडेल, म्हणून आधीच सांगून टाकतो. गांजाचा मेणासारखा अर्क तापवायचा आणि त्याची वाफ करायची, हे माझे काम. आमच्या प्वेब्लो गावात हा माल उघड दुकानात मिळतो, मात्र वयाचा दाखला पाहिल्याशिवाय दारावरचा माणूस कोणाला आत सोडत नाही. तेव्हा धाकट्यांनी माझ्यापासून लांबच राहावे. माझी गोष्ट ऐकायला हरकत नाही, कारण ती खरे म्हणजे एका झाकणाची गोष्ट आहे.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की आम्ही सगळी भावंडे कागदी खोक्यांत बसून दुकानात आलो आणि त्यातले माझे एकट्याचे खोके फाडून फेकून दिले. मला काउंटरवर नमुना म्हणून ठेवले. मला केवढा अभिमान वाटला होता. नमुना म्हणजे काय, हे तेव्हा मला कळले नव्हते.

दुकानात इनेझ आर्चुलेटा नावाची मुलगी विक्रीचे काम करी. दिवसभर ती मला उघडून गिऱ्हाइकांना दाखवी. "हा घ्या, ह्याचं तोंड रुंद आहे," ती सांगे. "बारीक तोंडाचा घेतलात तर अर्धा अर्क तुमच्या बोटांनाच लागेल. तांदळाच्या दाण्याएवढा पुरे. आच मंद ठेवा, नाहीतर चव जळते आणि घसाही. आणि पाण्यात बुडवू नका हो ह्याला. वापरून झाला की कोमट असतानाच कापसाच्या काडीनं स्पिरिट लावून पुसायचा, विशेषतः हे आटे. आट्यांत अर्क सुकला की झाकण चिकटलंच म्हणून समजा."

गिऱ्हाईक माझे झाकण फिरवून पाही, उघडी, मिटी, पुन्हा उघडी. मग म्हणे, "छान आहे, नवा द्या." आणि माझ्या एखाद्या भावाला घेऊन निघून जाई. दुकानात बसून कोणी वाफ घ्यायची नाही असा नियम होता, त्यामुळे माझ्या पोटात अर्काचा एक कणही कधी पडला नाही. इतक्या लोकांनी मला हातात घेतले, पण घरी नेले कोणीच नाही. गर्दीत एकटे राहणे फार वाईट असते, मित्रांनो.

एका दुपारी स्टॅनली पर्को नावाचे म्हातारे गृहस्थ आले. पोलादाच्या कारखान्यात लेथवर आटे पाडण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता संधिवाताने त्यांची बोटे वाकून बसली होती आणि संध्याकाळी ती फार ठणकत. धूर त्यांच्या छातीला सोसत नव्हता, म्हणून ते वाफेचे यंत्र पाहायला आले होते. इनेझने त्यांना एक नवा व्हेप दिला. त्यांना तो उघडता येईना. दुसरा दिला, तोही नाही. तिसऱ्याला त्यांनी बगलेत धरून पिळले, तरी झाकण हलेना. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने घसा खाकरला.

मग त्यांनी मला उचलले, आणि मी उघडलो. त्यांनी मला मिटले, पुन्हा उघडले. इतक्या दिवसांत माझे आटे हातांनीच गुळगुळीत झाले होते.

"हा द्या," ते म्हणाले.

"मिस्टर पर्को, तो नमुना आहे. दिवसभर लोक त्याला पिळत असतात. खोकं नाही, काही नाही."

"म्हणूनच तर मुरलाय. पोरी, मी खोक्याचं काय करू? तेही मला उघडायचं नाही."

इनेझ हसली. आत जाऊन मालकाशी बराच वेळ हुज्जत घालून आली आणि मला एका कागदी पिशवीत घालून तिने त्यांच्या हाती दिले. पिशवीचे तोंड तिने दुमडले नाही.

पर्कोंचे घर लहान होते. डोलोरेस, म्हणजे त्यांची बायको, वारल्यापासून तिथे दुसरे कोणी नव्हते. त्या घरातली एक गोष्ट माझ्या लगेच लक्षात आली. तिथले एकही झाकण घट्ट नव्हते. कॉफीची बरणी, भाजलेल्या हिरव्या मिरच्यांची बरणी, गोळ्यांची बाटली, सगळ्यांची झाकणे नुसती वर टेकवलेली, फार तर अर्धा फेरा फिरवलेली. डोलोरेस होती तोवर झाकणे ती उघडून देई. ती गेल्यावर म्हातारबुवांनी घरच तसे लावून घेतले होते. एकट्याने जगायचे म्हणजे अशी काही युक्ती लागतेच.

संध्याकाळी ते मला घेऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसत. छोट्या सळईने दाण्याएवढा अर्क आत ठेवत, आच मंद करत आणि दोन-तीन घोट वाफ घेत. डोंगरामागे सूर्य उतरेपर्यंत त्यांची बोटे जराशी सैल झाली, की लगेच काडी आणि स्पिरिट घेऊन ते मला पुसायला घेत. त्या वाकड्या बोटांनी एकेक आटा पुसायला त्यांना वेळ लागे, पण त्यांनी कधी चुकारपणा केला नाही. पुसले नाही तर उद्या मी उघडणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेवटी माझे झाकण ठेवून अर्धा फेरा. कधी कधी ते माझ्याशी बोलत. "तू आणि मी सारखेच," ते म्हणत, "झिजून कामाचे झालो." माझे सगळे सुखाचे दिवस ते एवढेच.

ईस्टरला त्यांची मुलगी डेनिस आली. ती शेजारच्या कॅन्सस राज्यात विचिटाला राहते, तिचा नवरा ब्रायन तिथल्या शेरीफच्या, म्हणजे पोलिसांच्या, कचेरीत आहे. डेनिस मनाने चांगली आहे, हे मी मुद्दाम सांगतो. तिने पोटिका, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव, भाजला, पडदे धुतले आणि सगळे स्वयंपाकघर घासून लखलखीत केले. उघडी झाकणे पाहून ती हळहळली. "सगळं सांडून जाईल की," असे पुटपुटत तिने एकेक झाकण पिळून घट्ट बसवले. तिला मी टॉर्च वाटलो. ओल्या फडक्याने बाहेरून पुसून तिने माझेही झाकण चांगले आवळले.

त्या संध्याकाळी ते मला घेऊन ओसरीवर बसले. मी उघडलो नाही. त्यांनी मला गुडघ्यांत धरले, शर्टाच्या टोकाने पकडले, दातांनीही पाहिले. मग मला मांडीवर ठेवून ते तसेच बसून राहिले. डेनिस आतून विचारत होती, "डॅड, काही हवंय का?" ते म्हणाले, "नको, बसलोय जरा."

सकाळी ती उठण्याआधी त्यांनी कॉफीची बरणी स्क्रू ड्रायव्हरने उघडायला घेतली. तो निसटून तळहातात घुसला.

"डॅड, काय करताय हे? मला हाक मारायची ना."

"झोपली होतीस."

"आणि मी इथं नसते तर? केवढं रक्त गेलंय बघा. साधी बरणी उघडत नाही तुम्हाला आणि एकटे राहताय."

त्यांनी बरणीकडे पाहिले, मग तिच्याकडे. मला वाटले, आता सांगतील. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ती त्यांच्या तळहातावर फडके दाबून धरत होती.

"बरणी जुनी आहे," ते म्हणाले.

बस, एवढ्यावर त्यांचे घर सुटले. मला सगळे माहीत होते, पण मला तोंड आहे ते फक्त वाफेपुरते. थोड्याच दिवसांत डेनिसने त्यांना विचिटाला आपल्याकडे न्यायचे ठरवून सामान बांधले. गाडी प्वेब्लोहून निघाली तेव्हा मी त्यांच्या शर्टाच्या खिशात होतो.

हॉली गाव मागे पडले की कॅन्ससची हद्द येते आणि तिथे माझ्यासारख्याला बंदी आहे. हद्दीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक झाड आणि एक लाकडी टेबल आहे. डेनिसने तिथे गाडी थांबवली.

"डॅड, खिशातलं ते इथंच ठेवा."

"टॉर्च आहे ती."

"मला नाक आहे, डॅड. तिकडे सापडलं तर ब्रायनची नोकरी जाईल."

ते वाद न घालता उतरले. टेबलाशी बसून त्यांनी मला पुढे केले. "एवढं उघडून दे." तिने एका पिळात उघडले आणि ती गाडीकडे वळली. त्यांनी खिशातून काडी आणि स्पिरिटची कुपी काढली. वारा सुटला होता, एका हाताला पट्टी होती, तरी त्यांनी माझे आटे एकेक करून पुसले. असा स्वच्छ मी नवा असतानाही नव्हतो. मग झाकण ठेवून त्यांनी अर्धा फेरा दिला.

डेनिस परत आली. "द्या, मी लावते नीट."

"नको. असंच असू दे."

"पडेल की ते."

"घट्ट लावलंस की मला उघडत नाही, डेनिस," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "कॉफीचंही तसंच झालं."

माझ्या झाकणाकडे, मग त्यांच्या पट्टीकडे पाहत ती उभी राहिली. मग तिने गाडीतून पाण्याची बाटली आणली, झाकण फिरवून सैल केले आणि त्यांच्या हातात दिली. ते पाणी प्यायले. गाडी मात्र पूर्वेकडेच गेली, कारण घर विकायला काढून झाले होते.

तेव्हापासून मी या टेबलावर आहे. माझी बॅटरी उतरली आहे. येणारे-जाणारे मला हातात घेतात, झाकण फिरवून पाहतात आणि परत ठेवतात, दुकानात ठेवत तसेच.

मित्रांनो, मला कोणी न्यावे असा माझा हट्ट नाही. एकच विनंती आहे. तुमच्याही घरी कोणाची तरी बोटे वाकली असतील. त्यांचे स्वयंपाकघर आवरायला जाल तेव्हा तिथली झाकणे सैल का आहेत, ते आधी त्यांना विचारा. आणि इथून जाताना मला उघडून पाहिलेत, तर मिटताना अर्धाच फेरा द्या. ते परत आले तर मी त्यांच्या हातून उघडलो पाहिजे.