थंड पडलेलं पिंप

अंबिकाच्या सासूबाईंनी, म्हणजे इंदुबाईंनी, शेडच्या दारातून आत पाऊल म्हणून कधी टाकलं नव्हतं. कोळ्याची बाई, उभा जन्म मासळी साफ करण्यात गेलेला, सुक्या बोंबलांच्या वासात बसून चवीने जेवणारी. पण कोंबड्यांचा वास म्हणे डोक्यात जातो. आता बोला. मुर्धा गावात घरामागे, पूर्वी मिठागर होतं त्या कडेला, अंबिकाने ब्रॉयलरची शेड टाकली तेव्हापासून इंदुबाईंचं एकच पालुपद होतं, "तुझी कोंबडी तू सांभाळ. मना त्यात वढू नको."

अंबिका सांभाळत होती. पण मागच्या बॅचला हगवण लागली, औषधांवर औषधं झाली आणि तरी निम्मी पिल्लं हातची गेली. तिचा नवरा स्वप्नील तसा शांत माणूस, कुरिअरच्या ऑफिसात दिवसभर लोकांची बोलणी खाऊन हसत घरी येणारा. त्यानेही हात टेकले. गावातला मंडप डेकोरेटर बाबाजी खुर्च्या-पडदे ठेवायला जागा शोधतच होता. स्वप्नील बायकोला म्हणाला, "ही एक बॅच बघ करून. नाही जमलं तर शेड बाबाजीला देऊन टाकू. रोज रोज जिवाला घोर नको."

मग अंबिकाने कंबर कसली. एका शिबिरात ती नवीन काहीतरी शिकून आली होती. शेवग्याचा पाला, तुळस, ओवा, आलं, लसूण, हळद, सगळं ठेचून गूळ-ताकाच्या पाण्यात घालायचं, पिंपात आंबवायचं आणि थोडं थोडं कोंबड्यांच्या खाद्यात कालवायचं. त्याने पोट ताळ्यावर राहतं, औषधाची पाळी येत नाही. शांती नगरात साहिलचं चिकनचं दुकान आहे, तो तर ऐकूनच खूश झाला. "भाभी, बिना दवाई का माल दो बस. कस्टमर रोज पूछता है."

आणि खरं सांगायचं तर बॅच झक्कास चालली होती. कोंबड्या अंगाने भरल्या, हगवणीचं नाव नाही. साहिलचा टेम्पो यायला थोडेच दिवस उरले आणि नेमकी थंडी पडली. शेडबाहेर दाराशी नवं लावलेलं पिंप काही केल्या आंबेना. अंबिका रोज सकाळी झाकण उघडून आत बघायची. ना फेस, ना बुडबुडा, नुसतं हिरवट गढूळ पाणी. ती तिथेच डोक्याला हात लावून बसायची, बडबडायची, कधी डोळेही पुसायची. इंदुबाई ओट्यावरून बघायच्या आणि तोंड फिरवून बोंबील उलटवायला लागायच्या. घरात आपल्या बाजूचं कोणी नाही, हे अंबिकाने तेव्हा मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

त्यातच वसईला चुलत बहिणीचा साखरपुडा निघाला. जावंच लागलं. तयार खाद्य काढून दिलं, ते दाराच्या फटीतून आत सरकवायचं एवढं सासूबाईंनी कबूल केलं आणि अंबिका गेली. आली ती सर्दी घेऊन. नाक असं बंद, की कोणी शेजारी सुकट भाजली असती तरी तिला पत्ता लागला नसता.

पण घरी आल्यावर पिंपाचं झाकण उघडलं आणि तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. पिंप फसफसून वर आलं होतं, काठापर्यंत पांढराशुभ्र फेस. आलं बाई एकदाचं, म्हणत तिने पिंपाला चक्क नमस्कार केला. इतके दिवस कोंबड्यांना हे मिळालं नव्हतं, म्हणून हात जरा सैल सोडला. खाद्य त्या पाण्यात चांगलं सरसरीत कालवलं आणि भांडी भरभरून ठेवली. कोंबड्यांनी असा ताव मारला, की घटकाभरात भांडी चाटूनपुसून साफ.

आंघोळ आटोपून ती पुन्हा शेडमध्ये आली आणि दारातच थिजली.

एक कोंबडा मान वाकडी करून उलटा उलटा चालत होता. चालता चालता तो धप्पकन बसला. दोन कोंबड्या पंख पसरून आडव्या पडल्या होत्या. एक उठायला जायची, दोन पावलं तिरकी टाकायची आणि दुसरीच्या अंगावर कोसळायची. कोपऱ्यातला एक तर भिंतीला टेकून उभा होता, भिंत नसती तर तोही गेला असता.

अंबिकाच्या तोंडचं पाणी पळालं. मान वाकडी होणं, पाय जाणं, पंख पडणं, ही सगळी रानीखेत या साथीच्या रोगाची लक्षणं. लस दिली होती, तरी कोण भरवसा देणार? रानीखेत म्हणजे शेड रिकामी, आणि शेड रिकामी म्हणजे उद्या तिथे बाबाजीच्या खुर्च्या. तिने गुरांच्या डॉक्टर उर्मिला मॅडमना फोन लावला.

"घाबरू नका, मी राई गावात आहे, निघतेच," मॅडम म्हणाल्या. "तोवर कोणाला आत सोडू नका, एकही कोंबडी बाहेर जाऊ देऊ नका. चोच उघडी टाकून धापा टाकतायत का? हिरवं पातळ हगतायत का?"

अंबिकाने पाहिलं. धापा नाहीत, हिरवं नाही. डोळेही स्वच्छ, जरा जास्तच स्वच्छ. फक्त एकीलाही धड उभं राहता येत नव्हतं.

स्वप्नीलची त्या दिवशी दुपारची ड्युटी होती, तो घरातून धावत आला. ओट्यावरून इंदुबाईही उठल्या आणि दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या. स्वप्नीलने आत एक नजर टाकली आणि त्याचा चेहरा पडला.

"ज्या उभ्या आहेत तेवढ्या आजच साहिलला देऊन टाक," तो हळूच म्हणाला. "निदान तेवढं तरी."

"अहो, लोक खाणार आहेत त्या," अंबिका म्हणाली. "रोग असला तर? मी नाही देणार."

तिने त्याच्यासमोरच साहिलला फोन लावला आणि काही लपवून न ठेवता सांगितलं, की कोंबड्या पडल्यायत, काय झालंय कळत नाही, टेम्पो पाठवू नकोस. साहिलने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाभी, आपने बोल दिया, अच्छा किया. ठीक हो जाए तो फोन करना, मैं रुकता हूँ." फोन ठेवला आणि अंबिकाला रडू फुटलं. आता सगळं संपल्यासारखंच होतं.

स्वप्नील आत आला. तो खाली वाकला, जवळची कोंबडी दोन्ही हातांनी उचलून तोंडासमोर धरली. तिने मान डुलवत त्याच्याकडे पाहिलं आणि चोच उघडली. स्वप्नील एकदम मागे सरकला. मग पुन्हा नाक पुढे नेऊन हुंगलं. दुसरी उचलली, तिलाही हुंगलं. दाराशी येऊन पिंपाचं झाकण काढलं, आत डोकं घातलं आणि बाहेर काढलं ते हसतच.

"हसताय काय?" अंबिका चिडली.

"अगं, यांना रोगबिग काही नाही. टाइट झाल्यात सगळ्या. ताडी आहे ही."

"ताडी? मी गूळ आणि ताक घातलं होतं."

"वास मी ओळखतो ना."

"तू कुठनं वळखतंस रे ताडीचा वास?" दाराबाहेरून इंदुबाईंनी विचारलं. स्वप्नील पिंपाचं झाकण लावायला लागला. पण अंबिकाने सासूकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. इंदुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. या बाईला एरवी पदराशी असं चाळा करत बसायला वेळ नसतो.

"आई, तुम्ही पिंपात काही घातलंत?"

"घातली. मंग?" इंदुबाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या. "तुझा पिंप थंड पडलेला. आमचे घरी सणाला वड्याचा पीठ फुगला न्हाय, का आय त्यात ताडीचा घोट वतायची. घटकेत वर यायचा. पीठ काय न् पाला काय, आंबवायचाच हाय ना? मी अख्खी बाटली वतली. पिंप मोठा हाय म्हून."

"आपल्याकडे घरात ताडी कुठे होती?"

"तारोडीला गेलती, भावाकडं. उत्तनचे बशीनं."

इंदुबाईंचे गुडघे असे, की समोरच्या दुकानात जायचं तरी त्या शेजारच्या पोराला हाका मारतात. त्या तारोडीला गेल्या, बसच्या पायऱ्या चढल्या, उतरल्या आणि बाटली पिशवीत लपवून घेऊन आल्या. अंबिकाने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"एवढ्यासाठी गेलात?"

"रोज रडत बसायचीस त्या पिंपाशी," इंदुबाई म्हणाल्या. आता आवाजातला फणकारा गेला होता. "तो थंड पडला तं तुझी शेड जाते ना. मना काय म्हाईत या मेल्या पितील म्हून."

तेवढ्यात उर्मिला मॅडम आल्या. त्यांनी कोंबड्या तपासल्या, पिंप हुंगलं, सगळी हकिकत ऐकली आणि आधी तोंडावर हात धरून मनसोक्त हसून घेतलं. मग सांगितलं, की रोग नाही, झोपू द्या यांना, साधं पाणी ठेवा, पिंप ओतून टाका. माल द्यायची घाई करू नका, मी पुन्हा येऊन बघते, मगच द्या. अंबिकाचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच तुसावर बसली आणि रडता रडता हसायला लागली, तिला कितीतरी वेळ थांबवेना.

सावकाश एकेक कोंबडी सावरायला लागली. उलटा चालणारा कोंबडा सरळ चालला आणि पाण्यावर तुटून पडला. स्वप्नील बाहेर जाऊन फोनवर बोलत होता, आवाज आत येत होता. "बाबाजी, तू दुसरीकडे बघ. नाही रे, शेड नाही मिळणार. आमच्या घरातल्या दोन बायका आहेत त्यात, माझं कोण ऐकतंय?"

अंबिकाने मान वळवली. इंदुबाई शेडच्या आत आल्या होत्या. एक सुस्तावलेली कोंबडी त्यांनी मांडीवर घेतली होती आणि वाटीतलं पाणी बोटाने तिच्या चोचीला लावत होत्या. वासाबद्दल एक अक्षर नाही.

"फुडचे पिंपाला मी हात लावनार न्हाय," त्या मान वर न करता म्हणाल्या.

"लावायचा, आई," अंबिका म्हणाली. "उद्या नवीन लावायचंय. तुम्ही आलं ठेचा, मी पाला आणते."

इंदुबाईंनी मान डोलावली आणि पुढची कोंबडी मांडीवर घेतली.