चौथ्या खिळ्यावरचा बिल्ला

मित्रांनो, मी लाकडाची एक जुनी फळी आहे. लांबी दोन हात, खिळे सहा. रुग्णवाहिका केंद्राच्या कचेरीत, पर्यवेक्षकांच्या खुर्चीमागच्या भिंतीवर माझी जागा आहे. माझ्यावर गाड्यांच्या किल्ल्या असतात. बाकी माझ्यात पाहण्यासारखे काही नाही.

पूर्वी मी फळी नव्हते. रुग्णवाहिकेत रुग्णाच्या शेजारी नातेवाईक बसतात ना, तशा एका बाकाची मी बैठक होते. माझ्यावर किती माणसे बसली ते मी मोजले नाही. एवढे आठवते, की बहुतेक जण अगदी कडेवर बसायचे. पाठ कोणी टेकत नसे. ती गाडी भंगारात निघाली, तेव्हा त्या वेळच्या पर्यवेक्षकांनी स्क्रू काढून मला सोडवून घेतले. त्यांना सगळे थोरले साहेब म्हणत. त्यांनी मला घरी नेऊन रंधा मारला, दोन हात पॉलिश दिले आणि सहा खिळे ठोकले. मग भिंतीवर टांगून एक नियमही घालून दिला.

नियम असा होता. प्रत्येक किल्लीला पत्र्याचा एक बिल्ला. बिल्ल्याच्या एका बाजूला गाडीचा आकडा, दुसरी बाजू कोरी. गाडी फेरीवरून परत आली की किल्ली लावताना आकडा भिंतीकडे करायचा. मग पर्यवेक्षकाने उठायचे आणि गाडीपाशी जायचे. स्ट्रेचरची चाके, दिवे, पट्टे, औषधांची पेटी, सारे हात लावून बघायचे. शेवटी ऑक्सिजनचे सिलिंडर स्वतः उघडायचे, काटा बघायचा आणि फुस्स असा आवाज कानाने ऐकायचा. परत येऊन बिल्ला वळवायचा. आकडा खोलीकडे दिसला, तरच चालक किल्लीला हात लावणार.

"बिल्ला वळवला म्हणजे तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, की मी बघितलं," थोरले साहेब नव्या माणसाला सांगायचे. "पण तेवढं खरं असू दे."

त्यांच्यामागून ताई आल्या. आठ वर्षे गाडीवर मदतनीस म्हणून फिरल्या, रुग्ण उचलले, स्ट्रेचर धुतले, आणि मग या खुर्चीवर बसल्या. तुम्ही विचाराल, पर्यवेक्षक गाडी चालवत नाहीत, रुग्णाला उचलत नाहीत, मग करतात तरी काय? मलाही पहिली काही वर्षे कळत नव्हते. ताई सकाळी साडेसातला यायच्या. कोण कोणत्या गाडीवर, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाची पाळी कोणाला द्यायची, हे आधी ठरायचे. कोणती गाडी पंपावर आहे, कोणती दवाखान्याच्या दारात अडकली आहे, हे त्यांना न बघता ठाऊक असे. रागावलेल्या नातेवाइकांचे फोन त्याच घ्यायच्या. आणि एखादी वाईट फेरी करून कोणी आत आले, तर त्या खुर्ची पुढे सरकवायच्या आणि चहा ठेवायच्या. अर्धा कप रिकामा होईपर्यंत एकही प्रश्न विचारायच्या नाहीत.

"ताईंचं काम सोपं आहे," सगळ्यात जुने चालक, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते हसून सांगायचे. "जागेवरून न हलता सहा गाड्या चालवायच्या."

"आणि तुमच्यासारखे सहा चालक सांभाळायचे, ते नाही सांगितलंत," ताई म्हणायच्या.

रोज सकाळी सहा वेळा त्या बाहेर जायच्या, सहा वेळा आत यायच्या. खिडकीतून मला तो आवाज ऐकू यायचा. फुस्स. मग पावले. मग बिल्ला वळायचा. हा त्यांचा नेम होता. सोळा वर्षे चुकला नव्हता.

आता एका सकाळचे सांगते. ते मी पुष्कळदा मनात बोलून बघितले आहे, म्हणून भराभर सांगेन.

आठ वाजता पाळी बदलते. त्या दिवशी दोन माणसे आली नव्हती. पाच बिल्ले वळवून झाले होते. ताईंनी खांदा आणि कान यांच्यामध्ये फोनचा रिसीव्हर धरलेला होता आणि पलीकडे कोणी तरी आदल्या दिवशी गाडी उशिरा आली म्हणून ओरडत होते. तेवढ्यात चार नंबरची गाडी परत आली. तिच्यावरचा मदतनीस किल्ली घेऊन आत आला. हा हंगामी माणूस, चाळिशीचा. कोणतीही गोष्ट तीन-तीनदा समजावून सांगायचा, म्हणून त्याचे नाव मास्तर पडले होते. त्याने माझ्या चौथ्या खिळ्यावर किल्ली लावली. आकडा भिंतीकडे. नियमाप्रमाणे.

"ताई, चार नंबरचं सिलिंडर संपत आलंय. बदलायला लागेल."

ताईंनी फोनवरूनच हात वर केला. मान हलवली.

मास्तरने पुन्हा तोंड उघडले. तेवढ्यात मामा दारातून आत आले.

"मास्तर, पुरे! तास संपला, घंटा झाली. घरी जा, बायको वाट बघत असेल."

मास्तर हसला. मामाही हसले. मास्तरने पिशवी उचलली आणि तो गेला. नोंदवहीत लिहायचे राहिले.

ताई फोनवर बोलत उभ्या राहिल्या. "हो, तुमचं बरोबर आहे. हो, मी लक्ष घालते." बोलता बोलता त्या माझ्यापाशी आल्या. त्यांच्या हाताला रोज सहा बिल्ले वळवायची सवय होती. पाच वळलेले होते, एक राहिला होता. हाताने तो वळवला. ताईंचे डोळे तेव्हा खिडकीबाहेर कुठे तरी होते. मित्रांनो, नेम आणि सवय बाहेरून अगदी सारखी दिसतात. मी इतक्या जवळ होते, मलाही फरक दिसला नाही.

त्यांनी फोन ठेवला आणि तो लगेच पुन्हा वाजला. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका वृद्ध गृहस्थांना श्वास घेता येत नव्हता. त्या क्षणी माणसांसकट निघू शकणारी गाडी म्हणजे मामांची चार नंबर. मामांनी माझ्याकडे बघितले. चारचा आकडा खोलीकडे होता. त्यांनी किल्ली उचलली आणि ते धावले.

वीस मिनिटांनी वायरलेस बोलला. मामांच्या शेजारच्या मदतनिसाचा आवाज होता.

"ताई, सिलिंडर रिकामं आहे. काटा खाली."

"जादाचं लावा."

"हे जादाचंच आहे, ताई. पहिलं आधीच संपलेलं."

ताईंनी वळून माझ्याकडे बघितले. चौथा खिळा रिकामा होता. मग त्या बोलू लागल्या, आणि त्यांचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"दोन नंबर, कुठे आहात?"

"पंपावर, ताई."

"राहू दे ते भरायचं. निघा. मोठ्या चौकात सिलिंडर हातात घेऊन रस्त्यावर उभे राहा. मामा, चौकात डावीकडे थांबा. आजोबांना बसतं करा, मान वर राहू दे. माझ्याशी बोलत राहा."

चौक येईपर्यंत नऊ मिनिटे गेली. ताई ती मोठ्याने मोजत नव्हत्या. मी मोजली. गाडीत त्या गृहस्थांची मुलगी होती, असे मामांनी नंतर सांगितले. बाकाच्या कडेवर बसली होती.

दुपारी दवाखान्यातून फोन आला, की ते गेले. ताईंनी डॉक्टरांना एकच विचारले. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेले होते. ती नऊ मिनिटे वाया गेली नसती तर फरक पडला असता का, ते सांगता येत नाही. ताईंनी समोरच्या कागदावर लिहिले, "सांगता येत नाही". तो कागद बरेच दिवस टेबलावर होता.

दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीतून मोठे साहेब आले. त्यांनी नोंदवही चाळली.

"मास्तरनं लिहिलंय का कुठे, सिलिंडर बदला म्हणून?"

"नाही. तोंडी सांगितलं."

"तोंडी सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. आणि तुम्हाला ते ऐकू आलं होतं का?"

"मी हात वर केला होता. म्हणजे ऐकू आलंच असणार."

साहेबांनी वही मिटली. "ताई, तुमची इतक्या वर्षांची नोकरी आहे. तो हंगामी आहे, दुसरीकडे लागेल. एकाचं नाव तर लिहावंच लागणार. संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. शांतपणे विचार करून लिहा."

ते गेल्यावर मामा आत आले. ते उभेच राहिले.

"ताई, मी म्हणतो आकडा भिंतीकडे होता. मीच घाईत किल्ली ओढली. मला दोन महिने राहिलेत, माझं काय करणार आहेत? आणि मास्तरला मीच हाकललं की. तास संपला म्हणून."

"मामा, तुम्ही कधी न वळलेली किल्ली उचललीत?"

"नाही."

"मग आता कशाला सुरुवात करता?"

"पण बघितलं कोणी? ही फळी सांगणार आहे का?"

ताईंनी माझ्याकडे पाहिले नाही. चहावर साय धरली होती. त्यांनी कप बाजूला सरकवला आणि लिहायला घेतले. मी त्यांच्या खांद्यामागे असते, म्हणून मला वाचता आले. चार ओळी होत्या. चार क्रमांकाची गाडी मी तपासली नाही. बिल्ला मी वळवला. सिलिंडर बदलण्याबद्दल मदतनिसाने मला आधी सांगितले होते. चालकाने बिल्ला पाहून नियमाप्रमाणे किल्ली घेतली. खाली सही. डोळ्यांत पाणी आले नाही. मला वाटते, त्या दिवसांत त्यांचे बहुतेक सगळे बंद झाले होते, फक्त काम करणारा भाग चालू होता.

ताईंना वर्षभरासाठी खुर्चीवरून काढले आणि पुन्हा मदतनीस म्हणून गाडीवर पाठवले. गाडी चार नंबरच. मास्तर कामावर राहिला. पहिल्याच दिवशी तो त्यांच्यापुढे येऊन उभा राहिला.

"ताई, मी तीनदा सांगायला हवं होतं."

"एकदा पुरे होतं, मास्तर," ताई म्हणाल्या आणि स्ट्रेचर पुसायला गेल्या.

एका रविवारी ताई त्या गृहस्थांच्या मुलीकडे जाऊन आल्या. मामांनी विचारले, "काय म्हणाली?"

"पाणी दिलं," ताई म्हणाल्या. याहून जास्त मला माहीत नाही.

त्या वर्षात मामा निवृत्त झाले. भिंतीवर संगणकाचा मोठा पडदा आला. त्यावर गाड्यांचे चौकोन दिसतात. बोट लावले की चौकोन हिरवा होतो, म्हणजे गाडी तपासली. किल्ल्या खणात गेल्या. मला काढून कपाटामागे उभे केले. तिथे धूळ होती, एक जुनी छत्री होती. काम सुटले म्हणून मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. नुसता काळ गेला.

वर्ष संपले आणि ताई खुर्चीवर परत आल्या. पहिल्या सकाळी त्यांनी भिंतीकडे पाहिले. माझ्या जागी रंगाचा एक फिकट चौकोन राहिला होता. त्यांनी कपाट ओढले, ओल्या फडक्याने मला पुसले आणि होते तिथे टांगले.

"ताई, पडदा आहे की आता," नवे चालक म्हणाले.

"असू दे. किल्ल्या इथं लावा. आकडा भिंतीकडे."

मित्रांनो, तुम्हीही एके दिवशी मोठे व्हाल. तुमच्याही हातात असा एखादा बिल्ला येईल. तुम्ही तो वळवाल आणि कोणी तरी, काही न विचारता, किल्ली उचलून धावत सुटेल. माझे मागणे थोडे आहे. मला पॉलिश करू नका, माझी आठवणही ठेवू नका. फक्त "बघितले" म्हणण्याआधी बघा. आणि दारातून जाता जाता कोणी काही सांगत असेल, तर फोन क्षणभर खाली ठेवा.

आत्ता आठ वाजत आले आहेत. पाच आकडे खोलीकडे आहेत, चौथा भिंतीकडे. फोन वाजतो आहे. ताई तो वाजू देऊन उठल्या आहेत. गाडीचे दार उघडल्याचा आवाज आला.

मी खिडकीकडे कान लावून आहे.